उन्हाळ्यात अडकलेलं दार

लातूर, १२ जानेवारी २००७

गोदाआत्या,

नमस्कार मागाहून, आधी बातमी. अण्णांच्या प्लॉटवर आपण तीन मजली इमारत उभी करतोय! सहा फ्लॅट, आणि सगळा सांगाडा लाकडाचा! थांब, पत्र फाडू नकोस. पुढं वाच.

मागच्या आठवड्यात बंगळूरजवळ एक कारखाना बघून आलो. तिथं भिंतीच्या भिंती तयार होतात. खिडकी बसवलेली, वायरीची नळी आत घातलेली, वर नंबर टाकलेला. ट्रकमधून येतात, क्रेन उचलते, माणसं बोल्ट आवळतात, झालं. मी मनस्विनीला म्हटलं, दिवाळीपर्यंत इमारत उभी राहील बघ. तर म्हणाली, आधी आत्यांची सही उभी राहू द्या. तुझी भाचेसून तुला चांगली ओळखून आहे. प्लॉट अण्णांनी तुझ्या आणि बाबांच्या नावावर घेतलेला, म्हणजे आता तुझ्या नि माझ्या. तू सही केल्याशिवाय एक खिळा ठोकता येत नाही.

आत्या, लातूर ओळखू येणार नाही इतकं बदललंय. मी ज्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो तिथं यंदा बाकं कमी पडली. हदगाव, उमरी, जळकोट, कुठून कुठून पोरं येतात. आणि पोरींबरोबर त्यांच्या आया येतात. शेगडी, पोळपाट, गाद्या घेऊन दोन-दोन वर्षं राहतात आणि नशिबी येते कोंदट खोली. त्यांच्यासाठी मला हे बांधायचंय. एका फ्लॅटमध्ये आम्हीही राहू.

मुख्य म्हणजे ही इमारत सिमेंटच्या इमारतीपेक्षा कितीतरी हलकी. जमीन हलली तर हलकं घर धक्का कमी खातं, हे मी रोज फळ्यावर शिकवतो. तू म्हणशील, गावाकडचं आपलं घरही लाकडाचंच होतं. होतं. पण भूकंपाच्या त्या सकाळी मी तिथं पोचलो तेव्हा बैठकीतले खांब उभे होते, आत्या. लाकूड पडलं नव्हतं. अण्णा, आजी, आई, बाबा गेले ते भिंतीच्या दगडांनी आणि डोक्यावरच्या माळवदाच्या मातीनं.

सही पाठव. मला झोप येईना झालीय!

तुझा उतावळा
मुकुल


नांदेड, २० जानेवारी २००७

चि. मुकुल,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्यासोबत थोडी कानउघाडणी.

पत्र फाडलं नाही, दोनदा वाचलं. फोन करून उत्तर मागू नकोस. फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि निम्मं तू गाळतोस. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही, दुसरीत तुझी गणितं तपासायची तेव्हापासून बघतेय.

खांब उभे होते हे मलाही ठाऊक आहे. पण माती वर कुणी चढवली? आपणच की. दर वर्षी मिरगाच्या आधी, माळवद गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा थर द्यायचा. रीत अशी की जुनी माती खरवडून काढायची आणि मग नवी घालायची. पण खरवडायला चार माणसं, चार दिवस लागत. नवी टाकायला एक सकाळ पुरे. म्हणून मग नुसती टाकायचीच. मीसुद्धा परकर खोचून टोपल्या वाहिल्यात. थर बसावा म्हणून आम्ही पोरं त्यावर नाचायचो, काय मजा यायची! त्याच दिवशी अण्णा माजघराच्या दाराला रंधा मारायचे, दमट हवेनं फुगतं म्हणायचे. निघालेल्या कुरळ्या सालींवर आई चूल पेटवायची आणि आम्हाला भजी मिळायची. आमची घराची देखभाल ती एवढी. फार स्वस्तातली. शेवटी शेवटी माळवद मांडीएवढं जाड झालं होतं.

तेव्हा बांधायला किती लागतं ते मला सांगू नकोस. तो हिशेब सगळेच करतात. तुझी ही इमारत दर वर्षी काय खाणार आहे ते सांग. पाचव्या वर्षी काय, पंधराव्या वर्षी काय. वाळवी, पाऊस, आग, सगळं धर. आणि तुझा कंटाळाही धर, कारण घरं त्यानंच पडतात.

मला माझं म्हणायला आता तू एकटा उरलास. तू लाकडाच्या छपराखाली बायकोपोरांना झोपवणार म्हणतोस आणि मला भीती वाटते. सरळच सांगते.

आत्या


लातूर, ६ फेब्रुवारी २००७

गोदाआत्या,

शाबास तुझी! तुझ्या एका प्रश्नानं कारखान्यातल्या साहेबांना घाम फोडला. बांधायच्या खर्चाचा रंगीत कागद ते लगेच पुढं करतात. पंधराव्या वर्षी काय, म्हटल्यावर फोनवर मला या साहेबांकडून त्या साहेबांकडं फिरवत राहिले. पण मीही तुझाच विद्यार्थी. पिच्छा सोडला नाही.

तर ऐक. पश्चिमेच्या भिंतीला आपलं ऊन सोसणार नाही, तिला दर तिसऱ्या वर्षी तेल-रंग. जोत्याभोवती वाळवीचं औषध दर पाच वर्षांनी, न चुकता. लाकूड उन्हाळ्यात आकसतं म्हणून पहिली काही वर्षं शिमग्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. पन्हाळी दर पावसाळ्याआधी साफ, कारण पाणी मुरलं तर लाकूड कुजतं. आगीचा विमा सिमेंटपेक्षा महाग पडतो, तो लपवत नाही. उलट भिंती जाड भरावाच्या असल्यानं मे महिन्यात पंखा सावकाश फिरवला तरी चालतो, विजेचं बिल कमी. आणि एखादी भिंत बिघडली तर तिच्या नंबरवरून नवी मागवायची, जुनी काढून ती बसवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही! आहे की नाही गंमत?

एकूण वीस वर्षांत बांधकामाच्या निम्म्याच्या आसपास पैसा देखभालीला जाईल. सिमेंटवाले म्हणतात त्यांना काहीच लागत नाही. त्यांनाही लागतं, फक्त एकदम लागतं. मी भाड्यातला चौथा हिस्सा पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकणार आहे. कंटाळ्याचं औषध मात्र कारखान्यात मिळालं नाही.

मुकुल


नांदेड, १३ फेब्रुवारी २००७

चि. मुकुल,

कंटाळ्याचं औषध मी देते. सोबत सही केलेले कागद आहेत, पण एका अटीवर. त्या इमारतीवर नवं काही चढवायचं असेल तर आधी तेवढ्याच वजनाचं खाली उतरवायचं. फरशी असो, माळा असो, गणपतीची आरास असो. आधी उतरवायचं, मग चढवायचं. ही अट जिन्यात रंगवून घे म्हणजे तुझ्यामागं तुझी मुलंही वाचतील.

मी मात्र तिथं राहायला येणार नाही. त्र्याण्णवपासून मी पत्र्याखाली, ओसरीवर झोपते हे तुला माहीत आहे. लोक हसतात. हसू देत. पत्रा पडला तर टेंगूळ येईल, एवढंच.

तरीपण मुकुल, तुझी पत्रं वाचून मीही जरा हुरळून गेलेय. शेजारच्या सिंधूला सगळं वाचून दाखवलं. ती विचारते, भिंतीला नंबर असतात म्हणजे पोस्टमनला बरं की!

आत्या


लातूर, १९ नोव्हेंबर २००७

आत्या! आत्या! उभी राहिली!

ट्रक आले तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर. चहाचा गाडा आपोआप आला, मागून भेळवाला आला. पहिली भिंत क्रेननं हवेत उचलली, खिडकीसकट, आणि पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या की क्रेनवाल्यानं वरून सलाम केला. एक आजोबा म्हणाले, "मास्तर, हे काय पत्त्याचा बंगला करून राहिलात?" दहाव्या दिवशी तेच आजोबा तिसऱ्या मजल्यावर उभे राहून नातवाला सिद्धेश्वराचं देऊळ दाखवत होते!

निलंग्याचे बसलिंगप्पा सुतार दारंखिडक्या बघायला ठेवलेत. पहिल्या दिवशी लाकडाला नाक लावून म्हणाले, "ही काय काडीपेटी हाय का?" आता रोज संध्याकाळी येऊन बोल्टवर हातोडी वाजवून आवाज ऐकतात. पाण्याची टाकी इमारतीवर नाही बरं का, शेजारी वेगळ्या लोखंडी मनोऱ्यावर आहे. वर पश्चिमेला कपडे वाळवायला छोटी गच्ची आहे, तिच्यावर फक्त दोऱ्या.

पहिल्या भाडेकरू आल्या शिवकांताबाई, हदगावच्या. मुलगी वैष्णवी बारावीला. गच्चीखालचा फ्लॅट त्यांनी घेतला. भिंतीवर टकटक करून विचारतात, "मास्तर, खिळा कुठं बी ठोकला तर चालतंय का?" मी म्हटलं, कुठंही ठोका. आधीच्या घरमालकानं कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नव्हतं त्यांना. त्यांनी तिथल्या तिथं पाच खिळे ठोकले!

तुझी अट जिन्यात लाल अक्षरांत रंगवलीय. लोक वाचतात आणि हसतात. तू कधी येतेस?

मुकुल


लातूर, ५ जून २०११

गोदाआत्या,

वैष्णवीला डॉक्टरीला प्रवेश मिळून तीन वर्षं झाली, आणि शिवकांताबाई मात्र अजून आपल्याकडंच! तळमजल्यावर मुलींसाठी खाणावळ चालवतात, वर राहतात. त्यांच्या हाताची ज्वारीची भाकरी खायला दुसऱ्या गल्लीतल्या मुली येतात.

इमारतीची तब्येत ठणठणीत. पश्चिमेचं तेलकाम परवाच झालं, सगळ्या मुलींनी कुंचले घेतले, निम्मं तेल भिंतीला आणि निम्मं एकमेकींना. मागच्या वर्षी एका भिंतीला वाळवी लागली होती. नंबर कळवला, नवी आली, एका दिवसात बदलली. बसलिंगप्पांना सध्या काम नाही. उन्हाळ्यात दारं इतकी सैल होतात की वाऱ्यानं आपटतात, म्हणून ते कागदाच्या घड्या घालत फिरतात. पावसाळ्यात तीच जरा घट्ट होतात, मग एखादं तासायचं.

एक त्रास आहे, आवाज. वर कुणी पाठांतर करत चाललं की खालच्या मुलीला पाठ होतं! एका पालकांनी स्वखर्चानं जाड फरशी बसवून देतो म्हटलं. मी जिन्यातली अट वाचून दाखवली. गृहस्थ गेले ते परत आले सतरंज्या घेऊन.

आता तरी ये ना गं.

मुकुल


नांदेड, १५ जून २०११

चि. मुकुल,

फरशी नाकारलीस हे वाचून मी सिंधूला पेढे दिले. येईन, पण राहणार नाही. सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. भाकरी मात्र खाईन.

आत्या


लातूर, १८ एप्रिल २०१६

गोदाआत्या,

तुझ्याकडंही बातमी पोचली असेल, लातूरला रेल्वेनं पाणी आलं! आम्ही सगळे स्टेशनवर बघायला गेलो होतो. डब्यांची रांग संपता संपेना. माणसं टाळ्या वाजवत होती, मनस्विनीच्या डोळ्यांत पाणी. आठ-आठ, दहा-दहा दिवस नळ नाही आत्या. लोक टाक्यांना कुलपं लावताहेत. पण आपल्या इमारतीत एकाही मुलीचा अभ्यास पाण्यापायी बुडालेला नाही, सोय करून ठेवलीय. काळजी नसावी.

खर्चाचं म्हणशील तर यंदा सुताराचं बिल वाढलंय. शिवकांताबाईंच्या माजघराचं दार अडकतंय. होळीपासून बसलिंगप्पा तीनदा रंधा मारून गेले, पुन्हा अडकतं. बाई कुरकुरतात, "दार लई अडकून राहिलंय मास्तर, खांद्यानं ढकलावं लागतंय." लाकडाला वय झालं की असं व्हायचंच. नववं वर्ष चालू आहे.

बाकी सगळं मजेत. वैष्णवी आता डॉक्टर झाली, पुढच्या महिन्यात आईला भेटायला येतेय. खाणावळीत जिलबी होणार!

मुकुल


नांदेड, २१ एप्रिल २०१६

मुकुल,

चैत्रात दार अडकत नाही.

सिंधूनं तुला फोन लावून बघितला, लागला नाही, म्हणून हे पत्र तुझ्या नंबरासकट लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतेय. पोचल्यावर वाच आणि वाचता वाचता ऊठ. सगळ्यात आधी शिवकांताबाईंना आणि त्यांच्या शेजारणींना खाली आण. पुढचं मग वाच.

तूच मला लिहिलं होतंस, उन्हाळ्यात दारं सैल होऊन आपटतात. यंदाचा उन्हाळा असा, की माझ्या लाकडी कपाटाचे कप्पे खुळखुळायला लागलेत. मग तुझं एकच दार फुगतं कसं? ते फुगलेलं नाही. वरची तुळई त्याच्यावर बसलीय. छपरावर काय चढवलंस? मीच सांगते. लातुरात सध्या सगळे एकच वस्तू साठवताहेत. जिन्यातली अट तू रोज वाचत होतास, तरी पाणी वर नेलंस ना?

तुझं पत्र वाचलं आणि मला गावाकडचं आमचं दार आठवलं. अण्णा दाराला रंधा मारायचे ते मिरगाच्या आधी. माती चढवली त्याच दिवशी. भर वैशाखात, मुकुल! तेव्हा दमट हवा कुठली? वर आम्ही नाचत होतो, खाली तुळई वाकत होती, आणि अण्णा दर वर्षी दार कमी कमी करत होते. ते दार आम्हाला सांगत होतं. वर्षानुवर्षं सांगत होतं, आणि आम्ही त्याच्या सालींवर भजी तळून खाल्ली. जन्मभर गणित शिकवलं आणि हे मला आज दिसलं.

मी रागावलेली नाही. मला रडू येतंय. उतरव ते.

आत्या


लातूर, २४ एप्रिल २०१६

आत्या,

उतरवलं! सगळं उतरवलं! सगळे सुखरूप आहेत. दार उघडलं!

खरं तेच सांगतो. होळीच्या आधी मी पश्चिमेच्या गच्चीवर दोन-दोन हजार लिटरच्या तीन टाक्या बसवल्या. खाली जागा नव्हती, स्कूटर लागतात. शिवाय खालचं पाणी रात्रीत चोरीला जायचं. वाटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, हे मी रोज पोरांना शिकवतो, आणि सहा हजार किलो शिवकांताबाईंच्या डोक्यावर ठेवून तुला लिहितो, काळजी नसावी. तुला कळवलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

कंडक्टरचा फोन आला, तुझं पत्र मी स्टॅन्डवरच उघडलं. तिथून पळत आलो. शिवकांताबाई भाकरी थापत होत्या, परातीसकट त्यांना बाहेर काढलं. वरचा मजला रिकामा केला. पण पाण्याचं काय करायचं? या लातुरात सहा हजार लिटर ओतून द्यायचं? मनस्विनी गच्चीकडं बघत म्हणाली, "गल्लीला हाक मारा."

हाक काय, आरोळी दिली! काय धावली माणसं, आत्या! घागरी, कळशा, बादल्या, कुकरचं भांडं, कुणी पोराचा टब. नळी सोडून पाणी जिन्यापर्यंत आणलं आणि तिथून मुली रांगेत उभ्या राहिल्या, हातोहात खाली. आमची पिंपं भरली आणि उरलेलं गल्लीला. पत्त्याचा बंगला म्हणणारे ते आजोबा, आता काठी टेकत येतात, ते खुर्ची टाकून "सांडू नका गं पोरींनो, सांडू नका" ओरडत होते.

बसलिंगप्पा त्या दारापाशी रंधा घेऊन उभे. मी म्हटलं, थांबा, आज लाकडाला हात लावू नका. दुसरी टाकी संपली तेव्हा दार थोडं कुरकुरलं. तिसरी संपत आली आणि आत्या, कुणीही हात न लावता ते दार हळूच अर्धं उघडलं! मुली किंचाळल्या, शिट्ट्या काय, टाळ्या काय! बसलिंगप्पांनी रंधा पिशवीत टाकला. म्हणाले, "मास्तर, दुखणं वर होतं आन् मी खालीच तासून राहिलो." त्यांचं काय चुकलं? मीच त्यांना तासायला लावत होतो. सगळे हसत होते आणि मी जिन्यात तुझ्या लाल अक्षरांखाली बसून रडलो.

कारखान्यातला इंजिनिअर आज येऊन गेला. एक तुळई वाकलीय, तिला जोड द्यायचा. बाकी सगळं ठीक. आणखी महिनाभर तशीच राहिली असती तर, असं म्हणाला आणि जोडाचं माप घ्यायला लागला. टाक्या आता स्कूटरच्या जागी, जाळीत, कुलूप लावून. स्कूटर रस्त्यावर.

आत्या, तुला इथून इतक्या लांब, ऐकू येत नसताना, ते दार ऐकू आलं.

मुकुल


नांदेड, २ मे २०१६

चि. मुकुल,

आशीर्वाद. तुझं पत्र सिंधूला वाचून दाखवायला घेतलं, पण दार उघडतं तिथं कागद तिच्या हातात दिला. मग तिनं मला वाचून दाखवलं.

त्या दिवसापासून मनात घोळतंय. तू मला तेलाचा, औषधाचा, बोल्टचा खर्च कळवलास आणि मी खूश झाले. पण घराला आणखी एक गोष्ट लागते, ती आपल्या दोघांच्याही हिशेबात नव्हती. दारं रोज उघडून-लावून बघणारं, आणि वर काय चाललंय त्यावर डोळा ठेवणारं एक माणूस. तुला क्लास आहे. मनस्विनीला घर आहे. मी रिकामी आहे.

ओसरीवरची खाट मी सिंधूला दिली. त्र्याण्णवपासून ती हलली नव्हती, खाली फरशीवर पायांचे चार डाग पडलेत. भीती गेली असं नाही. पण गच्चीवर टाक्या असताना मी इथं पत्र्याखाली निवांत झोपले होते, हे मला आता सोसत नाही. झोपायचं तर तुमच्याबरोबर एका छपराखाली.

पुढच्या मंगळवारी दुपारच्या गाडीनं येते. शिवकांताबाईंना विचार, त्यांच्या शेजारची खोली मला मिळेल का. त्या दाराला यापुढं मला विचारल्याशिवाय कुणी रंधा लावायचा नाही. वैष्णवी येईल तेव्हा तिच्याकडून कान तपासून घेईन. जिलबी माझ्यासाठी ठेवा.

आणि हो. माझं वजन बावन्न किलो आहे. अट ती अट. मी वर चढायच्या आधी बावन्न किलो खाली उतरवून ठेव.

तुझी
आत्या